माहितीपटातील निवेदन आणि शॉटची लांबी : मिरजेच्या तंबोऱ्यावरील प्रकल्पाबाबत प्रश्न

प्रश्न : कृष्णाकाठ, सांगली

नमस्कार. मी मूळचा सांगलीचा असून सध्या पुण्यात चित्रपटनिर्मितीचे शिक्षण घेत आहे. वार्षिक प्रकल्प म्हणून मिरजेच्या सतारमेकर गल्लीतील तंबोऱ्याच्या कारागिरीवर बारा मिनिटांचा माहितीपट करायला घेतला आहे. चित्रीकरण जवळजवळ पूर्ण झाले आहे. घोडे अडले आहे ते संकलनात, आणि तेही नेमके घोडीपाशी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीपाशी.

मिरजेच्या वाद्यांवर काही करायचे म्हटले की भोपळा, दांडी, तबली (भोपळ्याच्या तोंडावरची लाकडी पाटी), नक्षी आणि पॉलिश हे टप्पे सगळेच दाखवतात, आणि ते दाखवणे सोपेही आहे, कारण तिथे प्रत्येक कामाचा परिणाम डोळ्यांना दिसतो. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेला ओबडधोबड भोपळा कापला जातो, आतून साफ होतो, आकार घेतो आणि शेवटी पॉलिश चढून चमकू लागतो. चार शॉट एकापुढे एक ठेवले की गोष्ट तयार होते. जवारी काढण्याचे, म्हणजे घोडी घासून तारेचा नाद खुलवण्याचे, काम मात्र असे नाही. कारागीर तार सैल करून बाजूला सरकवतो, घोडीवरून कानस हलकेच फिरवतो, पडलेली भुकटी अंगठ्याने पुसतो, तार पुन्हा जागेवर आणून चढवतो, छेडतो, मान किंचित कलती करून ऐकतो आणि तारेखालचा सुताचा दोरा केसभर पुढेमागे करतो. मग पुन्हा तेच. पडद्यावर पाहणाऱ्याला या दोन खेपांमध्ये काडीचाही फरक दिसत नाही. जो फरक पडतो तो सगळा नादात पडतो : आधी ठस आणि लवकर विरून जाणारी तार हळूहळू खुलते आणि तिच्यातून स्वरांचा झणत्कार बराच वेळ निघत राहतो.

या कामाचा चार मिनिटांहून मोठा अखंड टेक माझ्याकडे आहे. एका जुळणीत मी त्याचे तुकडे करून चाळीस सेकंदांत बसवला, वर निवेदन घातले (घोडीचा पृष्ठभाग किंचित गोलाईचा का असतो, तार तिला कशी घासते, दोऱ्याने काय साधते) आणि खाली सतारीचा एक तुकडा लावला. पाहणाऱ्यांना सगळे समजले, पण तंबोरा कोणाच्याच लक्षात राहिला नाही. दुसऱ्या जुळणीत अख्खा टेक एकाही शब्दाविना ठेवला. तो पाहून आमच्या मार्गदर्शकांनी घड्याळाकडे पाहिले आणि वर्गातील निम्म्या जणांनी विचारले की हा माणूस नेमके करतो काय आहे.

वर्गात आम्हाला लेव्ह कुलेशोव्ह यांचा प्रयोग शिकवला जातो. नटाचा एकच निर्विकार चेहरा सूपच्या थाळीशेजारी ठेवला की भुकेला वाटतो आणि शवपेटीशेजारी ठेवला की शोकाकुल वाटतो, म्हणजे अर्थ शॉटमध्ये नसून दोन शॉट जिथे जोडले जातात तिथे निर्माण होतो, असे त्यावरून सांगितले जाते. हे मला पटते. पण ते पुरते खरे मानले तर न तोडलेल्या शॉटला स्वतःचा अर्थच उरत नाही, आणि जवारीच्या टेकमध्ये तर माझ्या कानांना स्पष्टपणे काहीतरी घडताना जाणवते. तेव्हा शॉट किती वेळ धरावा हे कशावरून ठरवायचे, आणि निवेदन काढून टाकणे हा प्रेक्षकावरचा विश्वास की निव्वळ आपला आळस, यावर जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : कात्रीवाला, पुणे

मी बरीच वर्षे माहितीपटांचे संकलन करतो, त्यामुळे माझे उत्तर त्याच अंगाने जाईल.

शॉटची लांबी सेकंदांत मोजून ठरत नाही. प्रेक्षकाच्या मनात एखादा प्रश्न जागा असेल तोवर शॉट टिकतो, आणि प्रश्नच नसेल तर दहा सेकंदही जड जातात. तुमच्या दुसऱ्या जुळणीत प्रेक्षकाला कशाची वाट पाहायची हेच ठाऊक नाही, म्हणून चार मिनिटे त्याला रिकामी वाटली. पहिल्या जुळणीत वाट पाहण्याआधीच उत्तर सांगून झाले होते. दोन्हींचा दोष एकच आहे आणि तो लांबीत नसून क्रमात आहे. निवेदन शॉटच्या अंगावर घालू नका, शॉटच्या आधी ठेवा, आणि तेही एका वाक्यापुरते. 'तार अजून बंद आहे, ती खुलेपर्यंत घासायचे' एवढे कळले की पुढचे काम प्रेक्षकाचे कान करतील.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे खुललेली तार कशी वाजते हे त्याला आधी एकदा ऐकवलेले असले पाहिजे. चित्रपटाच्या सुरुवातीच्या मिनिटातच पूर्ण झालेला तंबोरा, इतर कोणताही आवाज न मिसळता, सलग वीस-पंचवीस सेकंद वाजू द्या. तो नाद कानात बसला की पुढे बंद तार ऐकल्यावर काहीतरी उणे असल्याचे सामान्य प्रेक्षकालाही जाणवते. त्यासाठी संगीताचे शिक्षण लागत नाही.

आता थोडे कारागिरीचे. टेक तोडायचाच असेल तर चित्र तोडा, ध्वनी तोडू नका. तंबोऱ्याच्या बाबतीत हे फार कडकपणे पाळावे लागते, कारण तार उतरवून चढवली की स्वर थोडासा हलतो, आणि दोन वेगळ्या खेपांचे ध्वनी शेजारी ठेवले की चित्रातला कट लपला तरी स्वरातली उडी लपत नाही. म्हणून अखंड टेकचा ध्वनी टाइमलाइनवर कण्यासारखा सरळ ठेवा, त्यातील केवळ घासण्याचे रेंगाळणारे भाग काढा, आणि ते काढतानाही तार छेडण्याच्या आधीच्या शांततेत काढा, छेडल्यानंतरच्या नादात कधीही नाही. त्यावर हाताचे, चेहऱ्याचे, भिंतीला टेकवून ठेवलेल्या वाद्यांचे शॉट बसवता येतील. माझ्या अंदाजाने चार मिनिटांचे दोन-सव्वादोन होतील आणि काहीही गमावल्यासारखे वाटणार नाही.

सतारीचा तो तुकडा मात्र आजच काढून टाका. ज्या दृश्यात एक माणूस एका स्वरासाठी कान लावून बसला आहे त्याच्याखाली वेगळ्या पट्टीतील दुसरे वाद्य वाजवणे हे मला संकलनाचे पाप वाटते.

उत्तर : नाट्यपंढरीचा वारकरी, सांगली

कात्रीवाला यांच्या तांत्रिक सूचना उत्तम आहेत, परंतु हल्ली निवेदन म्हटले की नाक मुरडण्याची जी रीत पडली आहे तिच्याबद्दल एका रंगकर्मीला चार शब्द बोलू द्यावेत.

ज्या सांगलीत १८४३ साली विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवर' रंगमंचावर आणले, त्या प्रयोगांत सूत्रधार पदे गाऊन कथा पुढे नेत असे आणि पात्रे त्या अनुरोधाने आपली भाषणे आयत्या वेळी करीत. म्हणजे आपल्याकडचे नाटक उभे राहिले तेच मुळी सांगणारा आणि करणारा यांना एकत्र रंगमंचावर ठेवून. कीर्तनकार तर उभ्या उभ्या सांगतो, गातो आणि सोंगही करतो. आमच्या प्रेक्षकाला सांगण्याचे वावडे कधीच नव्हते. त्याला कंटाळा येतो तो सांगणारा कोण आहे हे न कळण्याचा. माहितीपटांतला तो भारदस्त, कोणाचाच नसलेला आवाज जेव्हा जवारीचे शास्त्र समजावतो, तेव्हा समोर वाढलेल्या ताटावर बसून पाककृती ऐकल्यासारखे होते.

म्हणून माझी सूचना अशी की निवेदन ठेवा, पण ते कारागिराच्या तोंडचे असू द्या. जवारी हा शब्द ते कसा उच्चारतात, बंद तारेला काय म्हणतात, घरातल्या मोठ्यांकडून हात कसा बसला, हे त्यांच्या मिरजेच्या बोलीत येऊ द्या आणि त्याचे शुद्धीकरण करण्याच्या फंदात पडू नका. एक दक्षता घ्या. हे बोलणे काम चालू असताना काढू नका, कारण बोलणारा माणूस ऐकू शकत नाही आणि त्यांचे सारे काम ऐकण्याचेच आहे. काम उरकल्यावर, चहा झाल्यावर, कॅमेरा बाजूला ठेवून नुसता ध्वनी घ्या. कॅमेरा दिसला की चांगला बोलणारा माणूसही मुलाखत देऊ लागतो.

उत्तर : वाचक, कोरेगाव (सातारा)

वरील दोन्ही उत्तरांशी मी बव्हंशी सहमत आहे, तरी निवेदनाची ही सवय कुठून आली ते पाहिले तर प्रश्न थोडा वेगळा दिसू लागतो.

१९४८ साली फिल्म्स डिव्हिजन ही माहितीपट काढणारी सरकारी संस्था सुरू झाली आणि पुढे कित्येक दशके चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटाआधी तिचे लघुपट दाखवणे बंधनकारक होते. आपल्या दोन-तीन पिढ्यांनी माहितीपट म्हणून जे पाहिले ते हेच. त्यांत निवेदनाचा भार असण्यामागे केवळ उपदेशाची हौस नव्हती. चित्राशी जुळणारा ध्वनी प्रत्यक्ष जागेवर सहजपणे टिपता येईल असा हलका कॅमेरा आणि हलके ध्वनिमुद्रणयंत्र जगातच १९६०च्या सुमारास रुळू लागले. तोवर बाहेरचे चित्रीकरण बहुधा मुकेच होई आणि आवाज नंतर चढवला जाई. शिवाय एकच चित्रपट अनेक भारतीय भाषांत पाठवायचा असे, आणि त्यासाठी निवेदन बदलणे हा सर्वांत स्वस्त मार्ग होता. त्याच संस्थेसाठी एस. सुखदेव यांनी १९६७ मध्ये देशाच्या एका दिवसाचे चित्र निवेदनाविना उभे केले, ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे. यंत्रांची ती अडचण आज उरलेली नाही, तरी तिच्यातून जन्मलेला आवाज मात्र आपल्या माहितीपटांत अजून बोलतोच आहे.

दुसरे उदाहरण आमच्या तालुक्याच्या अभिमानाचे आहे, म्हणून सांगितल्यावाचून राहवत नाही. ना. ह. आपटे कोरेगावला राहत, आणि त्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर व्ही. शांताराम यांनी १९३७ साली प्रभात फिल्म कंपनीसाठी 'कुंकू' केला. त्या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. जे ऐकू येते ते प्रसंगातून, घरातून, रस्त्यावरून येते. बोलपट येऊन फार वर्षे झाली नव्हती, गाण्यांवाचून चित्रपट चालत नाही असे मानणारा तो काळ, आणि तरीही भावनेच्या जागी वाद्यमेळ न आणता दृश्यातलाच आवाज पुरेसा धरला गेला. ज्या आवारात प्रभातचे ते चित्रपट तयार झाले तिथेच १९६० पासून पुण्याची चित्रपटसंस्था आहे, तेव्हा चित्रपटाचे शिक्षण घेणाऱ्याला हे उदाहरण दूरचे वाटू नये.

मात्र एका गोष्टीबद्दल सावध करतो. लांब शॉट म्हणजे प्रामाणिक शॉट, असा एक समज विद्यार्थ्यांत अलीकडे फार फोफावला आहे. मणी कौल यांनी १९८२च्या 'ध्रुपद' या ध्रुपद गायकीवरील माहितीपटात दीर्घ शॉट धरले, कारण आलापाची गतीच तशी आहे आणि तो तोडला तर राग उरत नाही. तुमच्या कारागिराच्या कामाची गती वेगळी आहे. ते घासतात, थांबतात, ऐकतात. त्यात आधीच खंड आहेत. जिथे काम स्वतःच तुटक आहे तिथे कट करणे हा अपराध नव्हे, आणि तिथेही शॉट ताणत बसणे ही दिग्दर्शकाची हौस ठरेल.

उत्तर : मायक्रोफोन, मिरज

इथवर सगळी चर्चा ध्वनीच्या भरवशावर चालली आहे, पण तो ध्वनी मुळात वापरण्याजोगा आहे का, हे कोणी विचारले नाही. मी ध्वनिमुद्रणाचे काम करतो आणि इथल्या दर्ग्याच्या आवारात गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणाऱ्या संगीतसभेला लहानपणापासून जात आलो आहे, म्हणून तंबोऱ्याबाबत थोडे अधिकाराने लिहितो.

कॅमेऱ्यात किंवा मोबाईलवर ध्वनी घेतला असेल तर त्यातली स्वयंचलित पातळी चालू होती का, ते आधी तपासा. ही सोय आवाज मंदावला की आपोआप पातळी वाढवते. तंबोऱ्याची तार छेडल्यावर नाद कसा उतरत जातो यातच बंद आणि खुली तार ओळखू येते, आणि हे यंत्र तो उतारच सपाट करून टाकते. तसे झाले असेल तर तुमच्या चार मिनिटांत ऐकण्याजोगे काही शिल्लक नाही आणि फक्त त्या भागाचे ध्वनिमुद्रण नव्याने करावे लागेल. ते करताना पातळी हाताने लावा, सर्वांत मोठा आवाज उणे बारा डेसिबलच्या आसपास राहील असे पाहा, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर घ्या. कॉलरचा माइक कारागिराच्या सदऱ्याला लावू नका, कापडाचीच खसखस येईल. माइक घोडीच्या समोर, वीतभर अंतरावर, किंचित तिरका ठेवा.

दुसरी गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. संकलनाच्या सॉफ्टवेअरमधील गोंगाट काढण्याची सोय सतत एकसारख्या वाजणाऱ्या आवाजाला गोंगाट समजते. पंख्याची घरघर तशीच असते आणि तंबोराही तसाच असतो. पंखा काढायला गेलात तर ती जवारीचे वरचे स्वर खरवडून नेते आणि मागे पाण्याखालून आल्यासारखा नाद उरतो. म्हणून पंखा मुद्रणाच्या वेळीच बंद ठेवा आणि त्या खोलीची नुसती शांतता मिनिटभर वेगळी मुद्रित करून घ्या, जोडांखाली पसरायला ती कामी येईल.

तिसरे, परीक्षक हा चित्रपट कशावर पाहणार आहेत ते विचारून घ्या. काळी एकच्या (हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या) तंबोऱ्याचा खर्ज, म्हणजे सर्वांत खालचा स्वर, ६९ हर्ट्झच्या जवळ असतो आणि लॅपटॉपचे छोटे स्पीकर तो मुळीच वाजवत नाहीत. जवारीचा झणत्कार वरच्या स्वरांत असल्यामुळे तो ऐकू येईल, पण पाया नसलेला. शक्य असेल तर हेडफोनवर किंवा चांगल्या स्पीकरवर दाखवण्याचा आग्रह धरा.

चित्राबाबत एकच. कारखान्यात ट्यूबलाइट असतील तर शटर १/५० ठेवा, नाहीतर आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेमुळे पडद्यावर लहरी दिसतात.

प्रश्नकर्ता : कृष्णाकाठ, सांगली

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ध्वनी वेगळ्या यंत्रावर, हाताने पातळी लावून घेतलेला आहे, त्यामुळे तो वाचला असे दिसते; पंखा मात्र काही भागांत आहे. सुरुवातीला पूर्ण झालेला तंबोरा ऐकवण्याची कल्पना करून पाहिली आणि पुढच्या टेककडे पाहण्याची माझीच नजर बदलली. कारागिरांचे बोलणे वेगळे मुद्रित करण्यासाठी पुढच्या आठवड्यात जाणार आहे.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. तार छेडल्यानंतर पडद्यावर काय असावे? हाताचे जवळून घेतलेले शॉट देखणे आहेत, घोडीवर कानशीचे ओरखडे आणि नखाखालची पांढरी भुकटीसुद्धा त्यांत दिसते. चेहऱ्याचे शॉट त्यामानाने फारच साधे आहेत. ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावर काहीच हलत नाही.

उत्तर : कात्रीवाला, पुणे

काहीच हलत नाही, हेच तर तुम्हाला हवे आहे. तुम्हीच उल्लेख केलेला कुलेशोव्हचा प्रयोग इथे कामी येतो, फक्त शेजारी सूपच्या थाळीऐवजी ध्वनी ठेवायचा आहे. बंद तारेच्या नादावर तो निर्विकार चेहरा असमाधानी वाटेल आणि खुललेल्या तारेवर, अगदी तोच चेहरा, तृप्त वाटेल. अर्थ जोडातूनच येतो, पण हा जोड चित्र आणि चित्र यांचा नसून चित्र आणि नाद यांचा आहे, त्यामुळे शॉट न तोडताही तो साधता येतो. कानस फिरताना हात दाखवा, छेडण्याच्या क्षणाआधी किंचित लवकर चेहऱ्यावर या आणि नाद पुरता विरेपर्यंत तिथेच राहा. हाताचे देखणे शॉट उरले तर उरू द्या. सगळे चांगले फुटेज वापरलेच पाहिजे असा दंडक नाही.

उत्तर : मायक्रोफोन, मिरज

कात्रीवाला म्हणतात तसे करणार असाल तर पंखा असलेले भाग घासण्याच्या क्रियेखाली वापरा, कानशीच्या आवाजात तो फारसा जाणवणार नाही, आणि छेडण्याचे नाद फक्त पंखा नसलेल्या भागांतून घ्या. पुढच्या आठवड्यात जाल तेव्हा त्याच पट्टीतला, जवारी न काढलेला एखादा तंबोरा मिळाला तर त्याच्या चारही तारा वेगवेगळ्या मुद्रित करून आणा, जोड अडले तर उपयोगी पडतील. पाऊस लागला की पत्र्यावरच्या आवाजामुळे तिथे दुपारी काहीच मुद्रित करता येणार नाही, तेव्हा सकाळची वेळ ठरवा. आणि जुळणी झाल्यावर तो भाग आधी त्या कारागिरांनाच हेडफोनवर ऐकवा. तार कुठे खुलली ते विचारा. त्यांनी दाखवलेली जागा आणि तुमचा कट यांत अंतर पडले तर कट सरकवा.